पडद्यावरचा ग्रीन स्ट्रीट आणि आमचा

गेल्या दिवाळीची गोष्ट. चिरंजीवांकडे फराळाला सगळे जमलो होतो. नातू ईशान, वय वर्षे सोळा, सोफ्याच्या कोपऱ्यात फोनमध्ये डोकं घालून बसला होता. सौ.नं चकल्यांची बशी दोनदा पुढे केली तरी मान वर नाही. मग एकदम म्हणाला, "आजोबा, तुम्ही ग्रीन स्ट्रीटजवळ राहायचे ना? मग तुम्ही आयसीएफला बघितलं का?"

आम्ही म्हटलं, "ही कुठली बँक रे?"

घरात हशा पिकला. आमचे चिरंजीव मिलिंद मात्र हसले नाहीत. ते का हसले नाहीत, हे पुढे ओघात येईलच.

आता ग्रीन स्ट्रीट म्हटलं की आमच्या आणि सौ.च्या डोळ्यांपुढे काय येतं? अप्टन पार्क स्टेशनातून बाहेर पडायचं, शेजारीच क्वीन्स मार्केट. तिथली कोवळी भेंडी, कारली, मेथीच्या जुड्या. पुढे दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं, सोनारांच्या झगमगत्या काचा, मिठाईवाले. १९७८ साली ईस्ट हॅमला घर घेतलं तेव्हापासून २००९ साली हॅरोला येईपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षं, आमची भाजी त्या रस्त्यावरून आली. मिलिंदच्या मुंजीचं सोवळं तिथलं, लग्नातले शालू तिथले. या मासिकाच्या वाचकांतही त्या रस्त्यावर घासाघीस न केलेलं घर विरळाच असेल.

आणि ईशानच्या फोनवर होता 'ग्रीन स्ट्रीट' नावाचा सिनेमा, २००५ सालचा. त्यात ना भेंडी, ना शालू. त्यात होती फुटबॉलच्या नावानं एकमेकांची डोकी फोडणारी पोरं. वेस्ट हॅम युनायटेडचं जुनं मैदान याच रस्त्याला लागून होतं, म्हणून सिनेमाला हे नाव.

निवृत्त माणसाला वेळेचा काय तोटा? त्या रात्री आम्ही ईशानबरोबर तो सिनेमा पाहिला. मग पुढचे काही शनिवार आजोबा-नातवाचा कार्यक्रमच ठरला. फुटबॉलच्या हुल्लडबाजांवर इंग्लंडात निघालेले मुख्य सिनेमे आम्ही ओळीनं पाहिले. सौ. म्हणाली, "या वयात लोक ज्ञानेश्वरी लावतात." असो. जे पाहिलं आणि त्या निमित्तानं जे आठवलं, ते मंडळींपुढे ठेवतो.

टोळी नव्हे, 'फर्म'!

आपल्याकडे फर्म म्हटलं की 'अमुक आणि मंडळी, घाऊक व्यापारी' अशी पाटी आठवते. इंग्लंडात फुटबॉलच्या टोळीलाही फर्मच म्हणतात. वेस्ट हॅमच्या पाठीराख्यांतल्या टोळीचं नाव 'इंटर सिटी फर्म', तेच ईशानचं आयसीएफ. साठ-सत्तरच्या दशकांत बाहेरगावच्या मॅचला जाणाऱ्यांसाठी रेल्वे खास गाड्या सोडायची. डबे जुनाट, आणि वर पोलिसांचा पहारा. या चतुर मंडळींनी त्या गाड्या सोडून दिल्या आणि सरळ तिकीट काढून नेहमीच्या इंटरसिटी गाडीनं जाऊ लागले. गळ्यात क्लबचा मफलर नाही, अंगात चांगले कपडे. पोलिसांना वाटावं, कामाला निघालेत बिचारे.

पोर्टस्मथच्या टोळीचं नाव 'सिक्स फिफ्टी सेव्हन क्रू'. का? तर लंडनला जायला ते सहा सत्तावन्नची गाडी पकडायचे. लीड्सची 'सर्व्हिस क्रू' हीसुद्धा रेल्वेच्या नेहमीच्या सर्व्हिस गाड्यांवरून. टाइमटेबलात बघून नाव ठेवणारे गुंड जगात दुसरीकडे कुठे नसतील! चेल्सीचे 'हेडहंटर्स', मिलवॉलचे 'बुशव्हॅकर्स', बर्मिंगहॅमचे 'झुलू'. आयसीएफची तर पोरासोरांची वेगळी शाखा होती, तिचं नाव 'अंडर फाइव्ह्ज', म्हणजे जणू बालवाडी. आणि मार खाल्लेल्या माणसाच्या अंगावर ते व्हिजिटिंग कार्ड टाकून जात. आपली आयसीएफशी गाठ पडली, अभिनंदन, अशा अर्थाचा मजकूर त्यावर छापलेला. १९८५ साली थेम्स टेलिव्हिजननं त्यांच्यावर 'हूलिगन' नावाचा माहितीपट केला, त्यामुळे ही नावं घराघरांत पोचली.

हे लोक बेकार, उपाशी, अडाणी होते असं समजू नका. पुष्कळांना बरी नोकरी होती. नेमकी हीच गोष्ट अ‍ॅलन क्लार्क या दिग्दर्शकानं पकडली. त्याचा 'द फर्म' बीबीसीनं २६ फेब्रुवारी १९८९ रोजी दाखवला. सिनेमा जेमतेम सत्तर मिनिटांचा. गॅरी ओल्डमन त्यात बेक्स झालाय. बेक्सचा धंदा घरं विकण्याचा. बायको, तान्हं मूल, नीटनेटकं घर, गाडी, सगळं आहे. आणि आईबापांच्या घरी, लहानपणीच्या खोलीत, हत्यारांनी भरलेली सुटकेसही आहे. १९८८ च्या युरोपियन स्पर्धेसाठी जर्मनीला जायचं, तिथे साऱ्या इंग्लिश टोळ्यांनी एकत्र लढायचं आणि त्यांचा म्होरक्या आपण व्हायचं, हे त्याचं स्वप्न. एके दिवशी त्याचा स्टॅन्ली चाकू रांगत्या बाळाच्या हाती लागतो आणि बाळ तो तोंडात घालतं. तो प्रसंग बघताना सौ. उठून स्वयंपाकघरात गेली.

त्या सिनेमात स्टेडियमवरची मॅच दिसतच नाही. चेंडूचा आणि या लोकांचा संबंध किती, ते क्लार्कनं न बोलता सांगून टाकलं. बेक्स शेवटी गोळी लागून मरतो, आणि त्याचे साथीदार टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्याच्या नावानं ओरडत दारू पितात. क्लार्क १९९० साली वारला. पण त्यानंतर निघालेल्या या जातीच्या बहुतेक सिनेमांवर त्याची सावली आहे. २००९ साली निक लव्ह यानं याच नावानं तो पुन्हा केला. तेव्हा मात्र कपड्यांच्या रंगांनीच जास्त जागा खाल्ली.

कपड्यांवरून आठवलं. लिव्हरपूलसारख्या क्लबांचे पाठीराखे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोपभर मॅचना जात आणि येताना तिथले उंची खेळाचे कपडे घेऊन येत. त्यातून 'कॅज्युअल्स' नावाची तऱ्हाच निघाली. फिला, लाकोस्त, पुढे स्टोन आयलंड. ईशाननं वाढदिवसाला मागितलेल्या जॅकेटच्या बाहीवर होकायंत्राचा बिल्ला आहे, तो या स्टोन आयलंडचाच. किंमत ऐकून आम्ही म्हटलं, "एवढ्यात आमच्या वेळी पुण्याला जाऊन आलो असतो."

आत शिरलेले आणि बाहेर न पडलेले

'द फर्म'मध्ये बेक्सचा वैरी झालेला नट फिल डेव्हिस यानं १९९५ साली 'आय. डी.' हा सिनेमा दिग्दर्शित केला. शॅडवेल या काल्पनिक क्लबच्या टोळीत चार पोलीस वेषांतर करून शिरतात. मिलवॉलच्या पाठीराख्यांत अशाच कामगिरीवर गेलेल्या एका माजी पोलिसाच्या हकिकतीवरून ही गोष्ट घेतलेली. त्यातला जॉन हळूहळू त्यांच्यासारखाच बोलू लागतो, पिऊ लागतो, मारू लागतो. कामगिरी संपते, पण तो परत येतच नाही. सोंग घेता घेता सोंगच अंगात शिरतं. आम्हाला हा सिनेमा सगळ्यांत जास्त पटला.

खऱ्या पोलिसांचं काय झालं? ऐंशीच्या दशकात त्यांनी टोळ्यांत माणसं घुसवली, पहाटे धाडी घातल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. आणि १९८८ साली आयसीएफच्या लोकांवरचा मोठा खटला पुराव्यातल्या घोळामुळे कोसळला. पोलिसांना जमलं नाही ते पुढे एका पत्रकारानं थोडंफार केलं. डोनल मॅकिन्टायर यानं चेल्सीच्या हेडहंटर्समध्ये शिरून केलेला कार्यक्रम १९९९ साली बीबीसीवर लागला. त्यातून २००० साली दोघांना सहा आणि सात वर्षांची शिक्षा झाली. कट्टर वंशद्वेषी संघटनांशी या टोळीतल्या काहींचे लागेबांधे होते, तेही त्या कार्यक्रमात उघड झालं.

२००४ सालचा 'द फुटबॉल फॅक्टरी' जॉन किंगच्या कादंबरीवरून निक लव्हनंच केला. त्यातला टॉमी चेल्सीचा, वैरी मिलवॉलचे. टॉमीचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढलेले. खरं युद्ध पाहिलेला म्हातारा आणि शनिवारी खोटं युद्ध खेळणारा नातू, हा धागा फार चांगला होता. पण शेवटी टॉमी स्वतःलाच विचारतो, या सगळ्यात अर्थ होता का? आणि स्वतःच सांगतो, होता! आम्ही ईशानकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

'ग्रीन स्ट्रीट' बनवला लेक्सी अलेक्झांडर या मूळच्या जर्मन बाईंनी. त्या एकेकाळच्या कराटेपटू, त्यामुळे मारामाऱ्या झकास. हार्वर्डमधून काढून टाकलेला एक अमेरिकन मुलगा, म्हणजे एलिजा वुड, लंडनला बहिणीकडे येतो आणि 'ग्रीन स्ट्रीट एलिट' या टोळीत सामील होतो. ही टोळी आयसीएफवरूनच बेतलेली. तिचा म्होरक्या झालेला चार्ली हनम न्यूकॅसलकडचा. त्यानं ईस्ट एंडची बोली अशी काही बोलली आहे की इथले लोक अजून त्याची थट्टा करतात. त्यापेक्षा आमचं इंग्रजी परवडलं.

पण आम्हाला खटकलं ते निराळंच. ज्या रस्त्यावर दर दुसरं दुकान आपल्या माणसांचं, त्याचं नाव घेतलेल्या सिनेमात आपलं माणूस शोधूनही सापडत नाही. मागून जाणारी एखादी साडी असेल, तर आम्ही ती बघायच्या आत गेली. २०१६ साली 'आय. डी.'चा दुसरा भाग आला, त्यात टोळीत शिरणारा पोलीस आशियाई घरातला तरुण आहे. म्हणजे आम्हाला पडद्यावर यायला इतकी वर्षं लागली.

तसा एक अपवाद आहे, पण तो वेगळ्याच तऱ्हेचा. २००८ सालचा 'कॅस' हा कॅस पेनंट या खऱ्या माणसावरचा सिनेमा. कॅस कृष्णवर्णीय. एका वयस्क गोऱ्या जोडप्यानं त्याला लहानपणी घरी आणलं आणि केंटमध्ये वाढवलं. शाळेत रंगावरून छळ झाला. पुढे तोच आयसीएफच्या म्होरक्यांपैकी एक झाला. १९८० साली त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. नंतर त्याच्यावर गोळीबार झाला, त्यातून तो वाचला आणि लेखक झाला. ज्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंवर प्रेक्षकांतून केळी फेकली जात, त्या काळात हा माणूस गोऱ्या पोरांच्या पुढे चालत होता. त्याला कुठेतरी 'आपला' म्हणून घ्यायला हवं होतं, आणि ते त्याला तिथे मिळालं.

ही भूक आपल्याला परकी नाही. मंडळातले आमचे एक स्नेही कोल्हापूरचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "यात नवीन काय सांगताय?" कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्ख्या पेठा लोटतात, आणि समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक यांच्या बातम्याही येतात. "आमचा संघ हरला की घरात जेवण जात नसे," ते म्हणाले, "आणि जिंकला तरी जात नसे, कारण मिरवणुकीत असायचो." मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या पोराला चारजणांनी हाक मारली की तो जातो. पुढे ते चारजण कुठे नेतात, हा खरा प्रश्न.

लाडवांची गोष्ट

इथपर्यंत सिनेमाचं झालं. आता ईशानच्या प्रश्नाचं उत्तर. आयसीएफला आम्ही बघितलं का? कोणाला बघितलं ते आम्हाला माहीत नाही, कारण आम्ही कधी मान वर करून बघितलंच नाही.

आम्ही ईस्ट हॅमला आलो त्याच वर्षी, म्हणजे १९७८ च्या मे महिन्यात, तिथून काही मैलांवर व्हाइटचॅपेलला अल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्याचा फुटबॉलशी संबंध नव्हता. पण नॅशनल फ्रंटची माणसं तेव्हा फुटबॉलच्या मैदानांबाहेर उभी राहून आपली पत्रकं आणि अंक विकत. आमच्या मनात भीतीच्या दोन्ही तारा एकमेकींत गुंतून गेल्या. सौ. कालनिर्णयवर संकष्टीच्या खाली लाल पेननं 'मॅच' असं लिहून ठेवायची. त्या शनिवारी बारा वाजायच्या आत भाजी आणायची आणि पाचनंतर दार उघडायचं नाही.

१९७९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीनंतरच्या शनिवारी, आम्ही तिघं मिडलंड्समधल्या आतेभावाकडून गाडीनं परत येत होतो. मिलिंद चार वर्षांचा. वहिनींनी डबाभर बेसनाचे लाडू दिले होते. मधल्या एका स्टेशनवर पंधरा-वीस पोरं डब्यात चढली. कुठल्या क्लबची होती ते सांगत नाही, कारण मफलराचा रंग बघायची छाती झाली नाही. आधी गाणी झाली. मग त्या गाण्यांत आमच्यासाठी असलेला तो शब्द आला. मग एकानं सौ.च्या मांडीवरचा डबा उचलला. लाडू पाहून त्यांना काय आनंद झाला! दोन सीटांमधल्या वाटेत त्यांनी एकेक लाडू पायानं उडवून मॅच खेळली. सगळे लाडू संपले तेव्हा रिकामा डबा परत आणून दिला आणि वर "थँक यू" म्हणाले. डब्यात आणखी तीसेक माणसं होती. सगळ्यांची वर्तमानपत्रं एकदम वाचनीय झाली होती.

मिलिंदनं विचारलं, "बाबा, ते आपले लाडू का घेतायत?"

आम्ही म्हटलं, "त्यांना भूक लागलीय."

मारहाण झाली नाही, रक्त आलं नाही. सिनेमात घालण्यासारखं त्यात काहीच नाही.

१९८५ साली मिलिंद दहा वर्षांचा झाला. त्याच्या वर्गमित्राचे वडील त्याला मॅचला न्यायला तयार होते. जादा तिकीट होतं. आम्ही 'नाही' म्हटलं. ते वर्ष आठवा. मार्चमध्ये ल्युटनला मिलवॉलवाल्यांनी खुर्च्या उपटून फेकल्या, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडला आग लागून छप्पन्न माणसं गेली. ती हुल्लडबाजी नव्हती, पण त्याच दिवशी बर्मिंगहॅमला दंगलीनंतर भिंत कोसळून पंधरा वर्षांचा मुलगा गेला. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर लिव्हरपूलचे पाठीराखे दुसऱ्या बाजूवर धावून गेले आणि चेंगराचेंगरीत एकोणचाळीस माणसं मेली, बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपात पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा. अशा वर्षी कोणता बाप दहा वर्षांच्या पोराला पाठवील?

पण दैव कसं असतं बघा. त्यानंतरचा १९८५-८६ चा हंगाम वेस्ट हॅमच्या इतिहासातला सगळ्यांत चांगला ठरला. पहिल्या विभागात तिसरा क्रमांक! मॅकअ‍ॅव्हनी आणि कॉटी ही जोडी गोलांमागून गोल करत होती. आणि टीव्ही कंपन्या व लीग यांच्यातल्या भांडणामुळे १९८६ च्या जानेवारीपर्यंत टीव्हीवर फुटबॉलच नव्हता. मिलिंद मागच्या अंगणात उलट्या बादलीवर बसायचा, हातात वही आणि मनगटावर घड्याळ. वारा अनुकूल असला की मैदानातला आवाज ऐकू यायचा. मोठा आवाज झाला की वहीत वेळ लिहायची. आवाज लहान, लांबट आणि उदास असला, तर गोल समोरच्यांचा. संध्याकाळी निकाल लागला की ताडून बघायचा. बहुतेक वेळा बरोबर असायचा. ती वही त्याच्याकडे अजून आहे. आम्हाला हे त्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

आम्हीही तसेच

'द फर्म' टीव्हीवर लागल्यावर जेमतेम सात आठवड्यांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगरले गेले. मृतांचा आकडा पुढे सत्त्याण्णववर गेला. शेवटचा मृत्यू २०२१ मधला. हुल्लडबाज मैदानात उतरू नयेत म्हणून लावलेल्या जाळ्यांनीच माणसांची बाहेर पडायची वाट अडवली. आणि पोलिसांनी काय सांगितलं? दारू पिऊन आलेल्या पाठीराख्यांचाच दोष. एका खपाच्या वर्तमानपत्रानं तर मेलेल्यांचे खिसे कापल्याचं पहिल्या पानावर छापलं. सगळं खोटं होतं. २०१६ साली चौकशीच्या ज्युरीनं निर्णय दिला, की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि पाठीराख्यांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षांनी!

ती थाप इतकी वर्षं टिकली कशी? लोकांना ती खरी वाटली म्हणून. आणि त्या लोकांत आम्हीही होतो. त्या संध्याकाळी बातम्या बघताना आम्ही म्हणालो, "प्यायले असतील, दुसरं काय?" हे आठवलं की आजही मान खाली जाते. रस्त्यावर आमच्याकडे पाहून कुणी सगळ्या आशियाई माणसांना एकाच शब्दात गुंडाळलं की आमचा तिळपापड व्हायचा. आणि इथे आम्ही लाखो साध्या माणसांना त्या पंधरा-वीस लाडूवाल्यांत बसवून मोकळे झालो होतो.

हिल्सबरोनंतर टेलर समितीच्या अहवालामुळे जाळ्या गेल्या आणि मोठ्या क्लबांच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. १९९१ च्या कायद्यानं वंशद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरला. २००० च्या कायद्यानं दंगेखोरांना परदेशी मॅचच्या वेळी पासपोर्ट जमा करायला लावण्याचे अधिकार वाढवले. कॅमेरे आले, तिकिटं महागली. रोग गेला असं कुणी समजू नये. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर युरो स्पर्धेच्या अंतिम मॅचला बिनतिकिटाचे लोंढे दारं फोडून आत घुसले, आणि पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना लोकांनी काय काय ऐकवलं, ते आपण पाहिलंच. पण १९७९ चा तो डबा आणि आजची गाडी यांत फरक आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो.

बादलीवरून खुर्चीवर

२०१६ साली वेस्ट हॅमनं ते जुनं मैदान सोडलं आणि क्लब स्ट्रॅटफर्डला ऑलिम्पिकच्या स्टेडियमवर गेला. आता तिथे फ्लॅट्स उभे आहेत. त्या शेवटच्या हंगामात मिलिंदनं एका मॅचची तीन तिकिटं काढली. त्याचं, आठ वर्षांच्या ईशानचं आणि आमचं. आम्ही "थंडी आहे, गुडघे दुखतात" वगैरे सुरू केलं. मिलिंद म्हणाला, "बाबा, एकतीस वर्षं तुम्ही त्या भिंतीबाहेरून मेथी घेऊन गेलात. एकदा आत चला." तर गेलो.

ग्रीन स्ट्रीटवर त्या दिवशी गर्दीबरोबर चालताना आमचा हात सवयीनं पिशवी घट्ट धरत होता. आत साबणाचे फुगे उडत होते, हजारो माणसं ते फुग्यांचं गाणं म्हणत होती. आवाज ओळखीचा होता. तोच, अंगणातला. शेजारी आमच्याच वयाचा एक गोरा गृहस्थ होता, साठच्या दशकापासून येणारा. मध्यंतराला सौ.नं दिलेला पुडा सोडला आणि त्याला अर्धा लाडू दिला. त्यानं आधी वास घेतला, मग खाल्ला. गप्पांच्या ओघात आम्ही म्हटलं, की आम्ही एवढी वर्षं जवळ राहून भीतीनं आलो नाही. तो हसला नाही. म्हणाला, "आम्हीपण पळायचो. मी पोराला कोटाच्या आत धरून गल्लीबोळांतून घरी न्यायचो."

हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टोळ्यांतली माणसं मूठभर होती. त्यांना घाबरून दुसऱ्या फुटपाथवर जाणारे हजारो होते, आमच्या रंगाचे आणि त्याच्या रंगाचेही. कॅमेरा मात्र त्या मुठीकडेच वळला. मारणाऱ्याची गोष्ट सांगायला सोपी असते. घरी बसलेल्याची कोण सांगणार?

गेल्या दिवाळीत आम्ही ती सांगितली. लाडवांची, कालनिर्णयाची, 'नाही' म्हटल्याची. मिलिंद उठून आत गेला आणि वही घेऊन आला. पिवळी पडलेली पानं, पेन्सिलीनं लिहिलेल्या वेळा. तीन सत्तावीस, मोठा. चार बारा, लहान. ईशाननं फोन बाजूला ठेवून ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग आम्हाला विचारलं, "मग त्या ट्रेनमध्ये तुम्ही काय केलं, आजोबा?"

"काही नाही. रिकामा डबा घेऊन घरी आलो."

"आणि बाबांना सांगितलं, त्यांना भूक लागलीय?"

"हो."

मिलिंद म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं." आणि चकली उचलली.

जॅकेटचा विषय अजून मिटलेला नाही. ईशानचं म्हणणं, ते नुसतं जॅकेट आहे. असेलही. पण सिनेमा बघताना आता तो मधेच थांबवतो आणि मागच्या दुकानाकडे, खिडकीतल्या बाईकडे, पळत रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतो. "हे कोण असतील, आजोबा?" असं विचारतो. आम्हाला तेवढं पुरे आहे.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांनी असे शनिवार काढले असतील, लंडनला, लेस्टरला, बर्मिंगहॅमला. कुणी आत जाऊन मॅच पाहिल्याही असतील. त्या आठवणी संपादकांकडे जरूर पाठवा. मुलानातवंडांना त्या सिनेमातून मिळणार नाहीत.

ता. क. : हा लेख वाचून सौ. म्हणते, लाडू बेसनाचे नव्हते, रव्याचे होते. तिचंच खरं असणार. डबा तिच्या मांडीवर होता.